उतरंड आणि संवाद : श्वांकमायेर ह्यांच्या चित्रपटांतील भांडी

चेक चित्रपटकार यान श्वांकमायेर (जन्म १९३४) ह्यांच्या १९८२ सालच्या एका लघुपटाच्या नावात ‘संवाद’ हा शब्द आहे. चित्रपटात मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकही शब्द उच्चारला जात नाही. ‘मोझ्नोस्ती दियालोगु’, म्हणजे ‘संवादाच्या शक्यता’, हे त्याचे मूळ नाव. पाव तासाहूनही कमी लांबीच्या ह्या कृतीचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात जे ‘बोलणारे’ समोरासमोर येतात त्यांतील एक जण सबंध स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांचा रचलेला आहे. भांडी एकमेकांवर व एकमेकांत बसवून माणसाच्या मस्तकाची आकृती सिद्ध केलेली, आणि ती आकृती चालते, तोंड उघडते, समोरच्याला गिळते. भांडे हे वक्ता कसे होऊ शकते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे सहज सुचणारे उत्तर असे की कलावंताने भांड्यांना माणसाचा चेहरा दिला, म्हणून ती बोलू लागली. हे उत्तर चुकीचे आहे. श्वांकमायेर ह्यांच्या चित्रपटांतील भांडी चेहऱ्यामुळे बोलत नाहीत. ती आपले काम करीत राहतात म्हणून बोलतात, आणि ते काम त्यांच्याकडून सुटले की संवादही संपतो.

निर्जीव वस्तूवर सजीवाच्या गुणांचा आरोप करणे ह्याला मराठी अलंकारविचारात चेतनगुणोक्ती म्हणतात. युरोपच्या बालवाङ्मयातील बोलक्या भांड्यांची परंपरा बहुतांशी ह्याच अलंकारावर उभी आहे. अँडरसनच्या ‘उडती पेटी’ (१८३९) ह्या कथेत आगकाड्या, लोखंडी भांडे, मातीचे मडके, ताटल्या असा स्वयंपाकघरातील सगळा गोतावळा रात्री हकीकती सांगत बसतो. १९९१ सालच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ह्या डिस्ने चित्रपटात चहाची किटली ही आई आणि कप हा तिचा मुलगा. किटलीतून चहा ओतला जातो हे खरे. परंतु तिच्या बोलण्याचा त्या ओतण्याशी काही संबंध नसतो. तिच्या जागी एखादा दिवा असता तरी तिचे वात्सल्य तेच राहिले असते. चेतनगुणोक्तीत वस्तू ही वेषासारखी असते, आत माणूस असतो. श्वांकमायेर ह्यांच्या भांड्याच्या आत कोणीही नाही.

ह्या फरकाचे तात्त्विक विवेचन प्रागमध्येच फार पूर्वी झाले होते. प्राग भाषाविज्ञान मंडळाच्या (स्थापना १९२६) परिवारातील यिर्झी वेल्त्रुस्की ह्यांनी १९४० साली ‘नाट्यातील माणूस आणि वस्तू’ ह्या निबंधात असे प्रतिपादन केले की रंगभूमीवर कर्ता माणूस आणि अचेतन वस्तू ह्यांच्यामध्ये स्थिर सीमारेषा नसते. त्यांचे उदाहरण खंजिराचे आहे. कमरेला लटकलेला खंजीर हा वेषाचा भाग असतो आणि धारण करणाऱ्याच्या दर्जाचे चिन्ह असतो. तोच उपसला गेला की कृतीचे साधन होतो. रक्ताने माखला की तो हत्येचेच चिन्ह होतो. ह्या सर्व अवस्थांत खंजिराला नाक-डोळे कोणीही दिलेले नाहीत. त्याची क्रियाशक्ती वाढते ती त्याच्या ठायी असलेल्या उपयोगातून. तात्पर्य, रंगभूमीवर माणूस नसतानाही वस्तू स्वतः कर्तृत्व धारण करू शकते, आणि त्यासाठी तिला वस्तुत्व सोडावे लागत नाही. श्वांकमायेर ह्यांचे शिक्षण प्रागच्या नाट्य अकादमीत बाहुलीनाट्याच्या विभागात झाले. त्यांनी हा निबंध वाचला होता की नाही ह्याला महत्त्व नाही. ज्या नगरात बाहुलीचा एवढा गंभीर विचार झाला त्या नगरात त्यांची दृष्टी घडली, एवढे पुरेसे आहे.

ह्या दृष्टीने त्यांची आधीची चित्रे पाहिली तर भांड्यांवरील प्रयोगाची एक दिशा स्पष्ट होते. ‘बिट’ (म्हणजे ‘राहते घर’, १९६८) ह्या चित्रपटात एक मनुष्य एका खोलीत अडकतो आणि तेथील प्रत्येक वस्तू त्याला दगा देते. सूप पिण्यास घेतलेल्या चमच्याला भोके आहेत; अंडे आपटले तरी फुटत नाही. येथे वस्तूने आपले नाव व आकार जपला आहे आणि उपयोग तेवढा नाकारला आहे. चमचा चमचाच आहे. पण तो चमच्याचे काम करीत नाही. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर शब्द तोच राहिला आणि त्याचा प्रयोग निषिद्ध झाला. १९७१ सालच्या ‘झ्वाहलाव’ (लुइस कॅरॉलच्या ‘जॅबरवॉकी’वरून हे नाव घेतले आहे) ह्या चित्रपटात उलट रीत दिसते. तेथील खेळभांडी आपले काम चोख बजावतात. शिजवणे, वाढणे सर्व यथासांग चालते. फक्त शिजतात त्या बाहुल्या, आणि मेजवानीला बसलेल्याही बाहुल्याच. म्हणजे क्रियापद शाबूत आहे आणि कर्म बदलले आहे. १९७२ नंतर काही वर्षे त्यांना चित्रपट करू दिला गेला नाही. त्या काळात ते स्पर्शाच्या प्रयोगांकडे वळले, आणि ‘स्पर्श आणि कल्पनाशक्ती’ हे त्यांचे पुस्तक प्रथम १९८३ साली खाजगी प्रतींच्या रूपात व पुढे १९९४ साली प्रकाशित झाले. ‘संवादाच्या शक्यता’मधील भांडी पाहताना डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक जाणवते, कानांना तर त्याहून अधिक, चिनी मातीवर पोलाद घासल्याचा आवाज प्रेक्षकाच्या दातांत उतरतो. त्याचे मूळ बहुधा ह्या सक्तीच्या विश्रांतीत असावे.

आता त्या मस्तकाकडे यावे. भांडी एकावर एक रचण्याच्या प्रकाराला मराठीत एक नेमका शब्द आहे : उतरंड. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, अशी चढत जाणारी ती रचना. उतरंडीत भांड्याचे स्थान ठरते ते केवळ त्याच्या आकारमानाने. वरच्याहून मोठे आणि खालच्याहून लहान, एवढीच त्याची ओळख. सोस्यूरच्या अर्थाने ‘मूल्य’ म्हणजे काय हे समजावून देण्यास ह्याहून चांगले उदाहरण घरात सापडणार नाही. मराठीत समाजातील श्रेणींनाही उतरंड म्हणतात, ते ह्याच कारणाने. श्वांकमायेर ह्यांच्या मस्तकातील भांड्यांचे स्थान मात्र सादृश्याने ठरते. एखादे गोल भांडे गालाच्या जागी बसते ते गोल आहे म्हणून. ही रीत त्यांनी उघडपणे आर्चिंबोल्दोकडून घेतली आहे. हा मिलानचा चित्रकार १५६२ पासून हाब्सबुर्ग दरबारात व्हिएन्ना व प्राग येथे होता, आणि फळे, फुले, मासे, पुस्तके ह्यांची मस्तके रंगविण्यासाठी तो विख्यात आहे. रोलाँ बार्त ह्यांनी १९७८ साली आर्चिंबोल्दोची चित्रे भाषेच्या द्विस्तरीय घडणीशी ताडून पाहिली. भाषेत अर्थपूर्ण शब्द हा अर्थहीन ध्वनींचा बनतो. आर्चिंबोल्दोचे मस्तक ज्या घटकांचे बनते ते घटक स्वतःच अर्थवान असतात, त्यांना नावे असतात. काकडीचे नाक झाले तरी ती काकडीच राहते. ही दुहेरी निष्ठा चित्रात स्थिर आहे. आर्चिंबोल्दोची मस्तके कोणाशी बोलत नाहीत, म्हणून ती शाबूत आहेत.

श्वांकमायेर ह्यांनी त्यांना चालविले, आणि समोर दुसरे मस्तक आणले. तंत्राच्या दृष्टीने हे काम किती जिकिरीचे असते ह्याची थोडी कल्पना असणे आवश्यक आहे. चित्रपट एका सेकंदाला चोवीस चौकटींनी पुढे सरकतो. प्रत्येक एक-दोन चौकटींसाठी ह्या ढिगातील भांडी हाताने किंचित हलवावयाची, छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची. माती किंवा मेण वळविता येते. ताटली वळत नाही. कडक वस्तू तीनच गोष्टी करू शकते : सरकणे, दुसरीला जागा देणे, आणि फुटणे. भांड्याला स्मित करता येत नाही. म्हणूनच भांड्यांच्या मस्तकाला चेतनगुणोक्तीचा मोह पडूच शकत नाही. माध्यमाचा कडकपणा हाच येथे कलेचा संयम होतो. हे भाषेच्या घटकांसारखेच आहे. ध्वनिघटक अर्धवट नसतो; ‘प’ आणि ‘ब’ ह्यांच्यामध्ये भाषा पायरी ठेवते, उतार ठेवीत नाही. ताटली आणि वाटी ह्यांच्यामध्येही उतार नाही.

पहिल्या भागाचे कथानक, त्यास कथानक म्हणावयाचे तर, असे आहे. एक मस्तक फळे, भाज्या इत्यादी अन्नाचे आहे, दुसरे भांड्यांचे, तिसरे पुस्तके, कागद आणि लेखन-रेखनाची साधने ह्यांचे. अन्न आणि भांडी समोरासमोर येतात. भांडी अन्नाला गिळतात. गिळणे म्हणजे काय, तर सुरी कापते, किसणी किसते, भांडे ठेचते. म्हणजे प्रत्येक भांडे जे रोज करते तेच करते. मग चिरलेले, ठेचलेले अन्न ओकले जाऊन पुन्हा मस्तकाच्या आकाराला येते. त्यानंतर कागदाचे मस्तक भांड्यांना गिळते आणि अन्नाचे मस्तक कागदाला. ‘दगड-कागद-कात्री’च्या खेळाप्रमाणे प्रत्येकाला एक जिंकता येतो आणि एकापुढे हरावे लागते. फेऱ्या चालू राहतात, तुकडे लहान होत जातात. अखेरीस कोणते मस्तक कशाचे होते हे कळेनासे होते. मातीची गुळगुळीत, हुबेहूब मानवी मस्तके उरतात आणि ती आपल्यासारखीच मस्तके ओकत राहतात.

ह्या क्षयाच्या पायऱ्या मराठीत मोजता येतात, कारण प्रत्येक पायरीला नाव आहे : भांडे, खापर, चुरा, माती. ह्यांतील खापर ही पायरी विलक्षण आहे. खापरात भांडे अजून शिल्लक असते. काठाचा एक तुकडा हाती आला तर तोंडाचा व्यास काढता येतो, रंगरेषेवरून काळ ठरविता येतो. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव ह्यांनी केलेल्या उत्खननानंतर दख्खनमधील एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची ओळख ‘जोर्वे’ मृत्पात्रांच्या नावाने होऊ लागली, ती प्रामुख्याने खापरांच्या साक्षीवर. चुऱ्याची साक्ष कोणी काढीत नाही. चित्रपटाचा पहिला भाग जोपर्यंत खापराच्या अवस्थेत आहे तोपर्यंत तो असामान्य उंचीवर आहे : वस्तू फुटली आहे पण निनावी झालेली नाही, आणि तरीही ती मस्तक बनून पुन्हा बोलावयास उभी राहते. चुऱ्यापासून पुढे तो वेगाने प्रतिपादनाकडे झुकतो. शेवटची मानवी मस्तके ही प्रेक्षकाला फार लवकर समजतात. जे भांड्यांतून जाणवत होते ते येथे सांगितले जाते.

समीक्षकांचा बहुतेक भर नेमका ह्या शेवटच्या मस्तकांवर आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे. १९६८ नंतरच्या चेकोस्लोव्हाकियात ‘सामान्यीकरणा’च्या नावाखाली जी राजवट चालली तिच्यात हा चित्रपट निर्माण झाला. पक्षाच्या विचारप्रणालीविषयक मंडळापुढे तो ‘असे होता कामा नये’ ह्याचा नमुना म्हणून दाखविला गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे; उलट १९८३ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. सर्वांना एका साच्याची करणारी सत्ता हा अर्थ तेथे आहेच. तो नाकारणे हा भोळेपणा होईल. परंतु ह्या अर्थाने केवळ निष्पत्तीचा उलगडा होतो, प्रक्रियेचा होत नाही. येथे बाहेरून कोणी साचा घेऊन आलेले नाही. तीन विषम पक्ष एकमेकांशी ‘संवाद’ करतात आणि त्या संवादातूनच समानता निपजते. राजवटीवर दोष ढकलून हा प्रश्न मिटत नाही, आणि म्हणूनच ती राजवट १९८९ मध्ये कोसळल्यानंतरही चित्रपट शिळा झालेला नाही.

पहिल्या भागाच्या नावाकडे लक्ष दिले तर हे अधिक स्पष्ट होईल. त्याचे मूळ नाव ‘दियालोग व्येत्स्नी’. ‘व्येत्स’ म्हणजे वस्तू. त्यावरून ‘व्येत्स्नी’ म्हणजे वस्तूला धरून असलेला, मुद्देसूद. संस्कृत ‘वस्तु’पासून मराठीत ‘वस्तुनिष्ठ’ झाला त्याच चालीचा हा शब्द आहे, आणि वस्तूंनी केलेल्या संवादाला हे नाव देण्यात जो श्लेष आहे तो मराठीत जवळजवळ पूर्णपणे उतरतो : वस्तुनिष्ठ संवाद. इंग्रजीत मात्र हे नाव काही ठिकाणी ‘चिरंतन संभाषण’ अशा अर्थाने दिलेले आढळते. ह्या घोटाळ्याचे मूळ एका चिन्हात दिसते. चेक भाषेत ‘व्येत्स्नी’ म्हणजे वस्तुनिष्ठ आणि ‘व्येच्नी’ म्हणजे चिरंतन. लिपीत दोहोंत भेद आहे तो एका अक्षरावरील लहानशा खुणेचा. मराठी वाचकाला हा ध्वनिभेद शिकविण्याची गरज नाही. ‘चूल’ आणि ‘चहा’ ह्यांतील दोन चकारांत तो नेमका हाच भेद रोज करतो, फक्त लिपीत दाखवीत नाही. भेद सूक्ष्म असला तरी परिणाम मोठा आहे. ‘चिरंतन’ म्हटले की संवादाची ही हानी मानवाच्या प्राक्तनाच्या खाती जमा होते. ‘वस्तुनिष्ठ’ म्हटले की प्रश्न पद्धतीचा होतो. मुद्द्याला धरून, कामापुरते बोलणारे पक्ष एकमेकांना कापतात, दाबतात, भिजवितात, कारण त्यांना एवढेच करता येते.

ह्याच ठिकाणी प्राग संप्रदायाच्या संवादविचाराची कसोटी लागते. यान मुकार्झोव्स्की ह्यांनी १९४० सालच्या ‘संवाद आणि स्वगत’ ह्या निबंधात संवादाची तीन आवश्यक अंगे सांगितली : ‘मी’ आणि ‘तू’ ह्यांचा परस्परसंबंध, बोलणाऱ्यांचा भोवतालच्या प्रत्यक्ष परिस्थितीशी संबंध, आणि किमान दोन अर्थसंदर्भांचा परस्परप्रवेश. ह्यांपैकी तिसरे अंग हे त्यांचे विशेष योगदान होय. दोन बोलणारे दोन वेगळे अर्थसंदर्भ घेऊन येतात, ते संदर्भ एकमेकांत शिरतात, आणि ह्या शिरकावामुळे संवादात ते अर्थाचे झटके निर्माण होतात जे स्वगतात संभवत नाहीत. श्वांकमायेर ह्यांनी ‘परस्परप्रवेश’ हा शब्द जणू शब्दशः घेतला. अन्नाचा संदर्भ भांड्यांच्या संदर्भात शिरतो म्हणजे गाजर किसणीत शिरते. येथपर्यंत चित्रपट सिद्धान्ताचे उदाहरण ठरेल. पण सिद्धान्ताने एक गोष्ट गृहीत धरली होती : परस्परप्रवेशानंतरही संदर्भ दोनच राहतात. हे गृहीतक कोठेही सिद्ध केलेले नाही, आणि चित्रपट नेमके त्यावरच बोट ठेवतो. प्रत्येक देवघेवीत थोडा भेद खर्ची पडतो. भेद हेच संवादाचे इंधन असेल तर चांगला चाललेला संवाद ते अधिक लवकर संपवील. भाषाभ्यासकांनी ‘संवाद’ हा शब्द गेली कित्येक दशके केवळ गौरवार्थाने वापरला आहे. जेथे तेथे संवादाचे आवाहन आहे. संवादाने बोलणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न ह्या आवाहनात विचारला जात नाही.

मराठी म्हणते, भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच. ‘भांडे’ आणि ‘भांडणे’ ह्यांच्या व्युत्पत्ती वेगळ्या असल्या तरी बोलणाऱ्यांच्या मनात त्या केव्हाच एकत्र आल्या आहेत. एकत्र कुटुंबाच्या ह्या लोकोक्तीत संवादाची एक वेगळी कल्पना दडलेली आहे. भांडी आपटतात, आवाज होतो, आणि मग ती घासूनपुसून पुन्हा फळीवर जातात. ती भांडी पितळेची आहेत हे विसरता कामा नये. त्यांना पोचा येतो, तडा जात नाही. लोकोक्तीचे समाधान धातूवर अवलंबून आहे. श्वांकमायेर ह्यांच्या मस्तकातही धातू आहे; पण कोणत्याही धातूला पुरून उरेल इतक्या फेऱ्या ते होऊ देतात.

दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात सांगता येईल. मातीचे स्त्री-पुरुष मेजाशी बसतात, मिठीत एकमेकांत विरघळतात, पुन्हा वेगळे होतात, आणि कोणाच्याच वाट्याला न आलेला मातीचा एक गोळा उरतो. तो कोणालाच नको असतो. त्यावरून दोघे एकमेकांच्या चिंधड्या उडवितात. माती येथे अप्रतिम रीतीने वळविलेली आहे, आणि नेमके म्हणूनच हा भाग सर्वांत कमी प्रयोगशील आहे. मातीला सर्व काही करता येते. तिच्यात प्रतिकार नाही. त्या उरलेल्या गोळ्याची केविलवाणी हालचाल लक्षात राहते खरी, परंतु ती हालचाल चेतनगुणोक्तीच्या अगदी जवळ जाऊन पोचते.

तिसऱ्या भागात वस्तू परततात. मातीची दोन वृद्ध मस्तके मेजावर समोरासमोर असून आपल्या तोंडांतून खऱ्या वस्तू बाहेर काढतात. एकाने दात घासावयाचा ब्रश काढला की दुसरा त्यावर पेस्ट लावतो. तसेच पाव आणि लोणी, बूट आणि नाडी, पेन्सिल आणि शार्पनर. प्रश्नाला उत्तर मिळते. वाल्टर पोर्त्सिग ह्यांनी १९३४ साली ज्या अर्थसंबंधांकडे लक्ष वेधले ते हेच : भुंकणे म्हटले की कुत्रा आलाच, घोडा म्हटला की त्यावर स्वार होणे आले. ‘पाव’ आणि ‘लोणी’ ह्यांच्यात व्याकरणाचे नाते नाही, तरी एकाने दुसऱ्याला बोलावणे आहे. मग मस्तकांच्या जागा बदलतात आणि जोड्या चुकू लागतात. चार प्रश्न आणि चार उत्तरे ह्यांच्या सोळा जोड्या होतात. त्यांतील जुळणाऱ्या चारच. बाकीच्या विजोड जोड्यांत वस्तू एकमेकींना विद्रूप करतात. पुढे तर ब्रशला ब्रश आणि बुटाला बूट भेटू लागतो; हे सर्वांत विनाशक ठरते. शेवटी दोन्ही मस्तके भेगाळून, जीभ बाहेर काढून धापा टाकीत राहतात. ह्या भागाचे चेक नाव ‘विचेर्पावायीत्सी’ असे आहे. ‘चेर्पात’ म्हणजे पाणी शेंदणे, उपसणे. त्यावरून हा शब्द ‘सर्वांगपूर्ण’ आणि ‘थकविणारा’ असे दोन्ही अर्थ देतो. विहीर पूर्ण उपसली म्हणजे काम सर्वांगपूर्ण झाले, आणि विहीरही कोरडी झाली.

ह्या विजोड जोड्यांतही एक भेद करावयास हवा होता, आणि तो श्वांकमायेर ह्यांनी केलेला नाही. भाषेत विजोड मेळ नेहमीच निष्फळ नसतो. मराठीत दातही घासतात आणि भांडीही घासतात. दिवा लावतात, चष्मा लावतात, कुंकू लावतात, झाडही लावतात. एका क्रियापदाने इतक्या विषम कर्मांशी संसार मांडला तो केव्हातरी कोणीतरी केलेल्या विजोड प्रयोगापासूनच. रूपकाचा जन्मही असाच होतो. चित्रपटातील बुटावर पेस्ट पडली तर केवळ घाण होते. नवा अर्थ एकदाही निघत नाही. अतिवास्तववादी परंपरेत वाढलेल्या कलावंताने विषम वस्तूंच्या भेटीतून काव्य संभवते हे विसरावे, ही आश्चर्याची गोष्ट आहे. १९७० पासून ते प्रागच्या अतिवास्तववादी गटाचे सदस्य होते. सोळा जोड्यांचे गणित इतके काटेकोर आहे की त्यात अपघाताला जागा उरली नाही. यान क्लुसाक ह्यांचे संगीतही हा काटेकोरपणा सैल करीत नाही, उलट घट्ट करते.

भांड्यांकडे ते पुन्हा वळले १९९२ मध्ये, ‘यीदलो’ (‘अन्न’) ह्या चित्रपटात. त्याचेही तीन भाग आहेत; मधला भाग दुपारच्या जेवणाचा. एका उपाहारगृहात दोन अपरिचित गृहस्थ एकाच मेजाशी बसले आहेत. एक नीटनेटका, दुसरा गबाळा व वयाने लहान. वाढपी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. भूक असह्य होते तेव्हा ते समोरचे खाऊ लागतात : मेजावरील फुले, मग ताटल्या, मेजाचे कापड, अंगावरचे कपडे, अखेर मेज आणि खुर्च्या. येथे मस्तके रचण्याचा खटाटोप नाही. जिवंत नटांनाच चौकटीचौकटीने हलविले आहे, त्यामुळे माणसाच्या हालचालींना वस्तूंचा कडकपणा आला आहे. वेल्त्रुस्की ज्या सीमारेषेविषयी लिहीत होते ती आता दुसऱ्या बाजूने ओलांडली गेली. ‘संवादाच्या शक्यता’मध्ये भांडी खात होती, येथे भांडी खाल्ली जातात. दोघांत बोलणे होत नाही. लहान तो मोठ्याचे अनुकरण करतो; मोठा जे गिळतो ते हाही गिळतो, आणि ह्या अनुकरणात एक प्रकारचा विश्वास आहे, ज्याला सवयीने कोणी संवाद म्हणेल. सर्व काही संपल्यावर, रिकाम्या जागेत दोघेच उरले असताना, मोठा मंद हसतो आणि आपल्या तोंडातून काटा आणि सुरी बाहेर काढतो. ती त्याने गिळलीच नव्हती.